बाख घराण्याचा माग : आयसेनाख ते वेखमार (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी

मूळ व्यक्ती ठरली : जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाख, जन्म २१ मार्च १६८५, आयसेनाख, थुरिंगिया (मध्य जर्मनी). वडिलांकडून खापरपणजोबांपर्यंत, म्हणजे फाइट बाखपर्यंत जायचं आहे. आईची बाजू आजोळापर्यंत तरी पक्की करायची. दर पिढीला निदान एक समकालीन कागद हवा. तो नसेल तर ते घर तक्त्यात पेन्सिलीनेच राहील.

क्रमांकांसाठी श्टेफान केकुले फॉन श्ट्राडोनित्स यांनी १८९८ मध्ये रूढ केलेली पद्धत वापरतो आहोत. मूळ व्यक्ती १. कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, दुपटीत एक मिळवला की आई. म्हणजे २ वडील, ३ आई, ४ आजोबा, ८ पणजोबा, १६ खापरपणजोबा. पहिली व्यक्ती सोडली तर सम आकडा पुरुषाचा, विषम बाईचा. नाव वाचता येत नसलं तरी क्रमांकावरून नातं कळतं.

पुराव्याला तीन दर्जे. क : त्याच काळात, त्याच गावात लिहिलेली नोंद. ख : त्या माणसाला ओळखणाऱ्याने नंतर लिहिलेलं. ग : ऐकीव. दर्जा व्यक्तीला द्यायचा नाही, प्रत्येक तारखेला स्वतंत्र द्यायचा. एकाच माणसाची दफन-तारीख क आणि जन्मसाल ग असं सर्रास होतं, आणि सगळ्या माणसाला क लावून टाकला की ग दर्जाचं जन्मसाल त्याच्या आडोशाने आत शिरतं.

१० जानेवारी

सुरुवातीचा कागद घरातलाच आहे. १७३५ मध्ये सेबास्टियानने स्वतः घराण्यातल्या वादकांची यादी केली. त्यात ५३ पुरुष, क्रमांकवार, प्रत्येकाबद्दल चार ओळी. पहिला फाइट, चोविसावा तो स्वतः. मूळ हस्तलिखित हरवलं आहे, नकला उरल्या आहेत. १७७४-७५ च्या सुमारास मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल याने तीत भर घातली.

यादी अनमोल आहे, पण ती बखर आहे, दप्तर नव्हे. वडील, काका, भाऊ यांच्याबद्दल लिहिणारा डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो, तिथे ख दर्जा निर्धास्त द्यावा. आजोबा १६६१ मध्ये गेले, सेबास्टियानच्या जन्माच्या २४ वर्षं आधी. तिथून वर सगळं ऐकीव, म्हणजे ग. शिवाय यादी फक्त पुरुषांची. बायका आल्याच तर कुणाची तरी पत्नी म्हणून एखाद्या ओळीत. त्यामुळे विषम क्रमांकांसाठी चर्चच्या नोंदवह्यांना पर्याय नाही.

१४ जानेवारी

कुठला कागद कुठे आहे हे शोधण्याआधी त्या वेळी गाव कुणाच्या ताब्यात होतं ते पाहावं लागतं. आयसेनाख १६८५ मध्ये जाक्सन-आयसेनाख या छोट्या डचीची (ड्यूकच्या राज्याची) राजधानी. अर्नश्टाट श्वार्त्सबुर्ग घराण्याकडे. एरफुर्ट १६६४ पासून माइन्त्सच्या कॅथलिक आर्चबिशपच्या ताब्यात, पण बहुतेक रहिवासी लुथरन. तिन्ही गावं एका दिवसाच्या घोडेस्वारीच्या टापूत, राज्यं तीन.

याचा परिणाम अगदी अलीकडेपर्यंत जाणवत होता. १८१५ मध्ये एरफुर्ट प्रशियाच्या जाक्सन (सॅक्सनी) प्रांतात गेलं, त्यामुळे तिथली लुथरन चर्चं थुरिंगियाच्या चर्चमध्ये नव्हती, प्रांताच्या चर्चमध्ये होती. २००९ मध्ये दोन्ही चर्चं एक झाली, पण त्यानंतरही बरीच वर्षं अभिलेखागारं दोन होती : आयसेनाख आणि माग्डेबुर्ग. आयसेनाख-अर्नश्टाटच्या वह्यांसाठी पहिल्याकडे विचारावं लागे, एरफुर्टच्या वह्यांसाठी दुसऱ्याकडे. नकाशावर जवळ दिसतं म्हणून एरफुर्टची चौकशी आयसेनाखला पाठवली तर आठवडे वाया जात.

घरबसल्या पाहायचं तर प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्खिओन ही वेबसाइट, पैसे भरून ठरावीक मुदतीचा पास घ्यावा लागतो. कॅथलिक वह्यांसाठी मात्रिकुला, तिथे पैसे पडत नाहीत. पास घेण्यापूर्वी हव्या त्या गावाची हवी ती वर्षं चढवली आहेत का, हे सूचीत पाहून घ्यावं. सूची विनापास दिसते.

२१ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस कालगणनेला. ग्रेगोरियन पंचांग १५८२ चं, पण जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राज्यांनी ते १७०० मध्ये घेतलं : १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च. तोवर त्यांच्या तारखा जुलियन, ग्रेगोरियनच्या १० दिवस मागे. सेबास्टियानचा २१ मार्च हा आजच्या हिशेबाने ३१ मार्च.

तक्त्यात कागदावरची तारीख आहे तशी ठेवायची आणि शेजारी पंचांगाची खूण करायची. वंशावळीच्या ग्रॅम्प्स या प्रणालीत तारखेच्या चौकटीतच जुलियन निवडता येतं. फाइल जेडकॉममध्ये (वंशावळ एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचा साचा) काढताना ही खूण गेली का, हे तपासायलाच हवं. खूण नसलेली तारीख दुसरी प्रणाली ग्रेगोरियन समजते. सगळ्यात वाईट फटका वर्षाच्या टोकाला बसतो. पणजोबा योहानेस (क्रमांक ८) गोथाजवळच्या वेखमार गावी २६ डिसेंबर १६२६ रोजी वारले. ग्रेगोरियनमध्ये तो ५ जानेवारी १६२७. एकाने बदललं, दुसऱ्याने नाही, की एका माणसाची दोन मृत्युवर्षं होतात आणि पुढे कुणीतरी त्यांची दोन माणसं करतो.

पडताळ्याला वार हाताशी असतो. त्या काळचे बरेच पाद्री वाराच्या नावाऐवजी ग्रहाचं चिन्ह काढीत : सूर्याचं वर्तुळ, चंद्राची कोर, मंगळाचा बाण, बुध, गुरू, शुक्र, शनी. जर्मन वाचकाला हे पाठ करावं लागतं. आपले वार मुळात ग्रहांच्याच नावाचे, चिन्ह ओळखलं की वार झाला. गणित असं : २३ मार्च १६८५ जुलियन हा सोमवार. तीच तारीख ग्रेगोरियन धरली तर शुक्रवार येतो. नोंदीशेजारी चंद्रकोर असेल तर पंचांग जुलियन, वाद संपला.

महिन्यांचा सापळा वेगळा. सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने आकड्यात लिहीत : ७ चा आकडा आणि पुढे ‘ब्रिस’ असं शेपूट म्हणजे सप्टेंबर, ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, रोमन दहा म्हणजे डिसेंबर. नवखा माणूस ७ पाहून जुलै लिहितो. सप्त, अष्ट, नव, दश हे लक्षात ठेवलं की मराठी माणूस इथे चुकणार नाही. आजोबा क्रिस्टोफ १२ सप्टेंबर १६६१ रोजी वारले. अशी तारीख जुलैत टाकली तर दोन महिन्यांची चूक.

काही नोंदींत तारीखच नसते, सणाचं नाव असतं. याकोबी म्हणजे २५ जुलै, मिखाएलिस २९ सप्टेंबर, मार्टिनी ११ नोव्हेंबर, हे पक्के. ईस्टरवर हलणाऱ्या रविवारांना (क्वासिमोडोगेनिटी हा ईस्टरनंतरचा पहिला) त्या वर्षाचा जुलियन ईस्टर काढावा लागतो. ग्रोटेफेंडची कोष्टकं त्यासाठीच आहेत.

२८ जानेवारी

लिपी. वह्या कुरेंट नावाच्या जर्मन धावत्या लिपीत. मोडी वाचलेल्यांना तिची धाटणी लगेच ओळखीची वाटेल : लेखणी उचलायची नाही, वेग आधी, स्पष्टता नंतर. ‘ए’ चं अक्षर दोन आखूड उभ्या रेघांचं, हुबेहूब ‘न’ सारखं. म्हणून ‘उ’ वर अर्धगोल काढत, नाहीतर न, उ, म, ए ही सगळी एक करवत होते. एखाद्या व्यंजनावर आडवी रेघ असेल तर ते दुहेरी वाचायचं. लॅटिन शब्द आणि कधी कधी माणसांची नावं मात्र गोल लॅटिन अक्षरांत येतात, त्यामुळे पानात नाव शोधायला ती मदतच.

कामाची पद्धत : अनोळखी पान थेट वाचायला घ्यायचं नाही. त्याच पाद्र्याच्या हातच्या ज्या नोंदी छापील उताऱ्यात आहेत त्या आधी ताडून पाहायच्या, त्यातून त्याची अक्षरं कापून एक बाराखडी करायची, मग पुढे. पाद्री बदलला की नवी बाराखडी. ट्रान्सक्रिबुससारखी यंत्रवाचनं पहिल्या नजरेला बरी, पण आडनावात ती हमखास घसरतात, आणि आपल्याला नेमकं आडनावच हवं असतं.

बायकांच्या आडनावाला ‘इन’ लागतो : बाखिन, श्मीडिन, लेमरहिर्टिन. तक्त्यात आडनाव ‘इन’ काढून लिहायचं. श्मीडिन हे वेगळं घराणं समजून शोधत बसू नये. स्पेलिंग कानावर गेलं तसं. थुरिंगियाच्या बोलीत ब-प, ड-ट, ग-क यांत फारसा फरक करत नाहीत, त्यामुळे शोध घोष आणि अघोष दोन्ही अक्षरांखाली घ्यावा लागतो.

५ फेब्रुवारी

क्रमांक १, २, ३.

आयसेनाखच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये २३ मार्च १६८५ ला बाप्तिस्मा, म्हणजे जन्मानंतर दोन दिवसांनी. हेच त्या काळचं नेहमीचं अंतर. मूल जगेल याची खात्री नसे, म्हणून उशीर करत नसत. जिथे फक्त बाप्तिस्म्याची तारीख मिळते तिथे ती जन्मतारीख म्हणून भरायची नाही, ‘बाप्तिस्मा’ असंच लिहायचं.

धर्मपित्यांची (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणाऱ्यांची) नावं नीट उतरून घ्यावीत, इतर सगळ्यांपेक्षा नीट. इथे दोन : गोथाचा नगरवादक सेबास्टियान नागेल आणि आयसेनाखच्या ड्यूकचा वनाधिकारी योहान गेओर्ग कोख. बाळाचं नाव कुठून आलं ते तिथेच दिसतं. त्याहून कामाचं म्हणजे वडिलांची ऊठबस कुणात होती ते दिसतं. नगरवादक दुसऱ्या नगरवादकाला बोलावतो. पुढे जिथे वडिलांचं गाव लागत नाही तिथे धर्मपित्याचं गाव उघडून पाहायचं.

वडील योहान आम्ब्रोसियुस, जन्म २२ फेब्रुवारी १६४५, एरफुर्ट. जुळे : दुसरा योहान क्रिस्टोफ. लग्न ८ एप्रिल १६६८, एरफुर्टच्या काउफमान्सकिर्खमध्ये, मारिया एलिझाबेट लेमरहिर्टशी.

लग्नाच्या तारखांना एक पडताळा आहे. आपल्याकडे चातुर्मासात मुहूर्त नसतात, तसं तिथे ईस्टरआधीच्या उपासकाळात आणि नाताळआधीच्या आडवेंटमध्ये लग्नं टाळत. १६६८ चा जुलियन ईस्टर २२ मार्चला, म्हणजे ८ एप्रिल १७ दिवसांनी. तारीख बसते. लग्न या बंद काळात पडतंय असं दिसलं तर आधी आपलं वाचन तपासायचं, मग पंचांग.

मारिया एलिझाबेटचं दफन ३ मे १६९४. आम्ब्रोसियुसचं दुसरं लग्न २७ नोव्हेंबर १६९४. हा मंगळवार, आणि आडवेंटचा पहिला रविवार २ डिसेंबरला. म्हणजे बंद काळ लागण्याआधीचा शेवटचा आठवडा गाठला. घरात लहान मुलं होती, नाताळनंतरपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. फेब्रुवारी १६९५ मध्ये आम्ब्रोसियुसही गेला. दहा वर्षांच्या सेबास्टियानला ओरड्रुफला थोरल्या भावाकडे जावं लागलं.

१२ फेब्रुवारी

नावांचा गुंता. एकट्या सेबास्टियानच्या भोवती तीन योहान क्रिस्टोफ बाख :

१६४२–१७०३, आयसेनाखचा ऑर्गनवादक, हाइनरिखचा मुलगा, म्हणजे वडिलांचा चुलतभाऊ.
१६४५–१६९३, अर्नश्टाटचा वादक, वडिलांचा जुळा.
१६७१–१७२१, ओरड्रुफचा ऑर्गनवादक, सख्खा थोरला भाऊ.

तिघे वादक, तिघे थुरिंगियातले, आणि १६७१ ते १६९३ या काळात तिघेही हयात. नावावरून शोध घेतला तर तिघांच्या नोंदी एकत्र येतात. तक्त्यात प्रत्येकाला नाव-जन्मसाल-गाव अशी खूणचिठ्ठी लावली. एखादी नवी नोंद त्यांतल्या कुणाला जोडायची तर चारपैकी निदान दोन गोष्टी जुळायला हव्यात : हुद्दा, गाव, बायको, मृत्यूची तारीख. नुसतं नाव आणि काळ जुळला तर नोंद ‘न जोडलेल्या’ कप्प्यात.

हाकेचं नाव दुसरं असतं, हेही विसरायचं नाही. योहान आम्ब्रोसियुसला हाक आम्ब्रोसियुस. पण नुसता योहान किंवा योहानेस लिहिलेला माणूस वेगळा, त्याला हान्स म्हणत. कागदावरचा ‘हान्स बाख’ म्हणजे योहान क्रिस्टोफ नव्हे. आणखी एक : कागदावरचं ‘थोरला’, ‘धाकटा’ म्हणजे बापलेक असं नाही, गावात त्या नावाचे दोघे आहेत एवढाच त्याचा अर्थ.

२० फेब्रुवारी

आजोळ. क्रमांक ६ फालेन्टिन लेमरहिर्ट, एरफुर्टचा फरवाला, नगरपरिषदेवर होता, मृत्यू १६६५. क्रमांक ७ एफा बार्बारा, माहेरची ब्रुनर. मुलगी १६६८ मध्ये लग्न करते तेव्हा वडील हयात नाहीत. अशा वेळी नोंदीत वडिलांच्या नावाआधी ‘कैलासवासी’ अर्थाचा ‘वाइलांट’ येतो. हा एक शब्द वाचता आला की दफन-वहीत वडिलांना कुठल्या वर्षाआधी शोधायचं ते ठरतं.

चर्चच्या वहीबाहेरचा पुरावा इथे सापडतो. आईचा भाऊ टोबियास लेमरहिर्ट १७०७ मध्ये वारला, त्याने सेबास्टियानसाठी ५० गुल्डन ठेवले. मृत्युपत्राचा असा कागद बाप्तिस्म्याच्या नोंदीइतकाच वजनदार, कारण पैसे वाटताना नातं नेमकं सांगावं लागतं.

२ मार्च

क्रमांक ४ क्रिस्टोफ : जन्म १९ एप्रिल १६१३ वेखमार, मृत्यू अर्नश्टाट १६६१. क्रमांक ५ मारिया माग्डालेना ग्राबलर, सॅक्सनीतल्या प्रेटिनची, नवऱ्यामागून महिन्याभरात गेली. माहेर एल्ब नदीच्या काठी, थुरिंगियाच्या बाहेर, त्यामुळे तिच्या पुढचा शोध वेगळा प्रकल्प धरून बाजूला ठेवला.

६ मार्च

सेबास्टियानच्या मुलांचा तक्ता काढून पाहिला, कारण तिथे क्रमांक ८ दोनदा येतो. पहिली बायको मारिया बार्बारा (लग्न १७ ऑक्टोबर १७०७, डॉर्नहाइम) हीही बाख : तिचे वडील योहान मिखाएल, आजोबा हाइनरिख, पणजोबा तोच योहानेस ऊर्फ हान्स. नवरा-बायकोचे पणजोबा एकच. कार्ल फिलिप एमान्युएलला १ धरलं तर हान्स १६ वर येतो आणि २४ वरही, त्याची बायको आना १७ आणि २५ वर. खापरपणजोबांच्या पिढीत घरं १६, माणसं १४. प्रणालीत एकाच माणसाला दोन्हीकडून जोडायचं, प्रत काढायची नाही. प्रत निघाली तर एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत पोचत नाही.

९ मार्च

क्रमांक ८, हान्स. इथे बखर आणि हिशेब समोरासमोर येतात.

१७३५ ची यादी म्हणते : हान्सने आधी बेकरीचा धंदा धरला, संगीताच्या ओढीने गोथाच्या नगरवादकाने त्याला शिकायला ठेवलं. त्या वेळी ग्रिमेन्श्टाइनचा जुना किल्ला उभा होता आणि गुरू किल्ल्याच्या बुरुजावर राहायचा. शिक्षण संपल्यावरही हान्स काही काळ त्याच्याकडे नोकरीत होता. किल्ला पाडला गेला, मधल्या काळात बाप फाइटही वारला, तेव्हा तो वेखमारला येऊन राहिला, खानावळवाल्याची मुलगी आना श्मीडशी लग्न केलं आणि बापाची मालमत्ता ताब्यात घेतली. किल्ला पाडल्याचं साल सेबास्टियानने अर्धवट सोडलं आहे : पंधराशे, आणि पुढे दोन टिंबं. ते भरायचं राहिलं.

ते आपण भरू शकतो. ग्रिमेन्श्टाइन १५६७ च्या वेढ्यानंतर सॅक्सनीचा इलेक्टर (राज्यकर्ता) आउगुस्ट याने पाडला. सेबास्टियानच्या वेळी त्याच टेकडीवर फ्रीडेनश्टाइनचा राजवाडा होता, १६४३ मध्ये बांधायला घेतलेला.

आता हिशेब. १५६७ पर्यंत हान्सचं शिक्षण संपून काही काळ नोकरीही झाली, म्हणजे वय निदान १८. जन्म १५४९ किंवा त्याआधी. तिघा वादक मुलांचे जन्म : योहान १६०४, क्रिस्टोफ १६१३, हाइनरिख १६१५. बापाचं वय अनुक्रमे निदान ५५, ६४ आणि ६६. पुरुषाच्या बाबतीत हे अशक्य नाही. पण आना? १६१५ मध्ये तिला मूल झालं तर ती तेव्हा साधारण पंचेचाळिशीच्या आत हवी, म्हणजे जन्म १५७० च्या पुढचा. किल्ला पडला तेव्हा ती जन्मलेलीसुद्धा नव्हती. ‘किल्ला पडला, गावी आला, लग्न केलं’ या एका वाक्यात निदान पंचवीसएक वर्षं दडपली गेली आहेत, किंवा दोन हान्स एक झाले आहेत.

दुसऱ्या शक्यतेला आधार आहे. बाखचा चरित्रकार फिलिप श्पिट्टा याने १८७३ मध्ये दाखवलं की १५६१ मध्येच वेखमारच्या गावकारभाऱ्यांत एक हान्स बाख होता. १५६१ ला गावचा कारभार पाहणारा माणूस प्रौढ, घरदार असलेला. १६१५ मध्ये बाप झालेला तो हा नव्हे. म्हणजे गावात निदान दोन हान्स बाख होऊन गेले, आणि बुरुजावरची गोष्ट त्यांच्यापैकी कुणाची, की मधल्या तिसऱ्याची, हे यादीवरून ठरत नाही.

क्रमांक ८ ला दर्जे असे दिले : मृत्यू २६ डिसेंबर १६२६, क. पत्नी आना श्मीड, ग, पण नाव, बापाचा धंदा आणि गाव इतकं नेमकं आहे की ठेवलं. गोथाचं शिक्षण, ग, प्रश्नचिन्हासह. जन्मसाल रिकामं. प्रचलित तक्त्यांत ‘सुमारे १५५०’ दिसतं ते जमतं फक्त किल्ल्याच्या गोष्टीशी, मुलांच्या वयांशी नाही. मुलांची वयं धरून उलट मोजलं तर ‘सुमारे १५८०’ येतं, आणि मग किल्ल्याची गोष्ट गळते. दोन्हींची सरासरी काढणं ही सगळ्यात मोठी चूक.

१५ मार्च

क्रमांक १६, फाइट. यादीप्रमाणे हंगेरीतला पांढऱ्या पावाचा बेकर, लुथरन धर्मामुळे सोळाव्या शतकात देश सोडावा लागला, वेखमारला स्थिरावला. गिरणीत जाताना आपलं छोटं तंतुवाद्य, सिथ्रिंगेन, बरोबर न्यायचा आणि दळण चालू असताना वाजवायचा. गिरणीच्या ठेक्याबरोबर ताल धरायला शिकला असेल, असं सेबास्टियान प्रेमाने लिहितो. हे चित्र कुणालाही आवडेल आणि म्हणूनच त्याला तारीख चिकटवताना हात आखडता ठेवायचा. ‘हंगेरी’ या शब्दात तेव्हा आजचं ब्रातिस्लाव्हाही येत होतं. आणि बाख हे आडनाव थुरिंगियाच्या खेड्यांत त्याआधीपासून आहे, त्यामुळे फाइट बाहेरून आला याऐवजी घरी परतला, असं वाचणं जास्त सयुक्तिक.

मृत्यूची तारीख म्हणून ८ मार्च १६१९ दिली जाते. पण यादीत हान्स वेखमारला येण्याआधी बाप वारलेला आहे, आणि हान्सचा मुलगा योहान १६०४ चा. १६१९ मध्ये गेलेला फाइट आणि मुलाला मालमत्ता सोडून गेलेला फाइट हे एकाच गोष्टीत बसत नाहीत. म्हणून काही अभ्यासक दोन फाइट मानतात आणि पहिल्याचा मृत्यू १५७८ च्या आधी ढकलतात.

तक्त्यात क्रमांक १६ चं घर एक ठेवलं, त्याखाली दोन चिठ्ठ्या : ‘फाइट, १५७८ पूर्वी’ आणि ‘फाइट, १६१९’. दोन्ही पेन्सिलीने. १५६१ चा हान्स ‘न जोडलेल्या’ कप्प्यात, गाव वेखमार.

१८ मार्च

वेखमारसाठी पुढची कामं, याच क्रमाने : चर्चची दफन-वही १६१९ ते १६३५, सगळी पानं, फक्त बाखच्या नव्हे, म्हणजे प्लेगच्या वर्षांत कुठे पानं गळली आहेत ते कळेल. मग जमीन आणि शेतसाऱ्याच्या याद्या, कारण तिथे घर एका नावावरून दुसऱ्या नावावर जाताना ‘आधी अमक्याचं’ असं लिहितात. फाइटची मालमत्ता हान्सच्या नावावर कधी चढली ही एकच ओळ मिळाली तरी दोनपैकी एक चिठ्ठी काढता येईल. शोधताना बाखबरोबर श्मीडही पाहायचं, खानावळीच्या नावासकट.